बसल्या जागी बजावणी

माणसावर दावा लावणं सोपं असतं. माणसाला घर असतं, घराला दार असतं, दाराला बेल असते आणि बेल वाजवली की आतून कोणीतरी 'कोण आहे?' म्हणून खेकसतं. कागद त्याच्या हातात ठेवायचा आणि मागे न बघता जिना उतरायचा. कंपनीचं तसं नाही. कंपनीला काचेचं दार असतं, एसी असतो, कुंडीत प्लॅस्टिकचं झाड असतं, भिंतीवर हसणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचा फोटो असतो. पण कोर्टाचा कागद पुढे केला की घ्यायला हात मात्र कोणालाच नसतो. हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. आता सगळं निस्तरलंय, हॉलमधून सरळ चालता येतंय, म्हणून हसत सांगतोय. त्या दिवसांत कोणी माझ्यासमोर हसलं असतं तर मी चावलो असतो.

प्रकरण सुरू झालं ते खुर्चीवरून. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. बसता यायचं, पण उठताना कोणाचा तरी हात लागायचा, आणि आईला आयुष्यात कोणाचा हात मागायची सवय नाही. म्हणून मी उठवणारी खुर्ची आणली. एक बटण दाबलं की पाठ मागे आणि पाय वर. दुसरं दाबलं की खुर्ची आपोआप पुढे कलते आणि माणसाला अलगद उभं करते. बायको म्हणाली, "अहो, आधी कोणाकडे बघून तरी या." पण मी कोणाचं ऐकून वस्तू घेणाऱ्यातला नाही. मी माहितीपत्रक वाचून घेणाऱ्यातला आहे.

थोडे दिवस खुर्चीने आईची राणीसारखी सेवा केली. मग एका दुपारी आईला घेऊन ती मागे गेली आणि वर यायचं विसरली. आई पाय आढ्याकडे करून पडलेली, हातात रिमोट, आणि शांतपणे म्हणतेय, "अरे, कोणी मोकळं आहे का?" मी, बायको आणि शेजारचे कायदेकाका अशा तिघांनी मिळून तिला बाहेर काढलं. म्हणजे आम्ही दोघांनी काढलं. काका 'सावकाश, सावकाश' म्हणत होते.

तेव्हापासून खुर्ची हॉलमध्ये तशीच आडवी. गॅलरीत कपडे वाळत घालायला जायचं तर खेकड्यासारखं जावं लागायचं. कंपनीला फोन केला की एक मंजूळ बाई सांगायची, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तिला तो इतका महत्त्वाचा वाटायचा की ती सोडायलाच तयार नसायची. शेवटी एक तंत्रज्ञ आला. त्याने खुर्चीखाली टॉर्च मारला, आईकडे पाहिलं, पुन्हा खुर्चीखाली टॉर्च मारला आणि अहवाल लिहिला: 'खुर्चीचा अतिवापर. ग्राहक तिच्यावर रोज बसतात.'

"मग काय तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायचे?" मी ओरडलो.

"ठेवू शकता," तो म्हणाला. "पण हलके."

हे सगळं मी एक वेळ गिळलं असतं. मध्यमवर्गीय माणूस काय काय गिळतो याचा हिशेब नाही. आमच्या स्वयंपाकघरातला पाण्याचा फिल्टर बसवल्यापासून गळतोय आणि मी त्याखाली निमूटपणे पातेलं ठेवत आलोय. पण आईचं वेगळं होतं. खुर्ची बंद पडल्यापासून ती जेवणाच्या टेबलाशी लाकडी खुर्चीवर बसायची. उठायचं झालं की इकडे तिकडे बघायची आणि कोणी कामात दिसलं तर तशीच बसून राहायची. बायकोच्या लक्षात आलं की आई पाणीसुद्धा कमी पितात. का, तर उठावं लागू नये. आणि मग एका सकाळी आई हसत म्हणाली, "मी ताईकडे जाते. माझ्यामुळे खुर्ची आली, खुर्चीने हॉल अडवला. तुमच्या घरातली निदान एक अडगळ तरी कमी होईल."

ती हसली, मी हसलो नाही. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. जीव लावणारी आहे, पण राहते तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. या गुडघ्याने आई एकदा वर चढली की पुन्हा खाली रस्ता बघणार कधी? ताईने तर फोनवर सांगूनही टाकलं, शनिवारी गाडी घेऊन येते. आईने बॅग काढली आणि पलंगाखाली भरून ठेवली. मी म्हटलं, बस्स झालं. मी दावा लावतो. खुर्ची परत न्या, पैसे परत द्या, त्यातून आईसाठी धड चालणारी खुर्ची घेतो, मग बघू ती कशी जाते!

छोट्या दाव्यांचं कोर्ट असतं. तिथे वकील लागत नाही, असं कायदेकाकांनी सांगितलं. काकांची आधी ओळख करून देतो. आयुष्यभर त्यांनी विजेची मीटरं तपासली, पण तरुणपणी वर्षभर कायद्याच्या कॉलेजात नाव घातलं होतं. ते नाव अजून त्यांच्या अंगातून उतरलेलं नाही. जिन्यात मांजर आडवं गेलं तरी 'कायद्यात काय आहे...' अशी सुरुवात करतात.

कोर्टाच्या खिडकीत एक बाई होत्या. चष्मा साखळीला, आणि चेहऱ्यावर असा भाव की जगातली प्रत्येक चूक आधी याच खिडकीत येते. त्यांनी अर्ज घेतला, शिक्के मारले आणि समन्सचे कागद माझ्या हातात दिले. "हे कंपनीवर बजावायचे. म्हणजे रीतसर पोचवायचे. शुक्रवारपर्यंत पोचले नाहीत तर दावा निकाली. पुढचा!"

पुढचा येऊन मला ढकलायच्या आत मी विचारायला हवं होतं की कसे पोचवायचे. पण शिकलेल्या माणसाला असले प्रश्न विचारायची लाज वाटते. मी घरी आलो, ठेवणीतला शर्ट घातला, भांग नीट पाडला आणि कंपनीच्या शोरूममध्ये जाऊन रिसेप्शनवरच्या मुलीसमोर कागद ठेवले. खणखणीत आवाजात म्हटलं, "तुमच्या कंपनीवर समन्स!" तिने 'पोचले' असा शिक्का मारून दिला आणि गोड हसून म्हणाली, "आणखी काही मदत?" इतकी सोपी लढाई जिंकल्याचं मला थोडं वाईटच वाटलं.

दुसऱ्या दिवशी शिक्का दाखवायला खिडकीत गेलो. बाईंनी चष्मा नाकावर चढवला.

"कोणी दिले?"

"मी स्वतः!" छाती फुगवून मी म्हटलं.

"तुम्ही पक्षकार. पक्षकाराला देता येत नाहीत. कोणी घेतले?"

"रिसेप्शनवरच्या मुलीने."

"तिला घेता येत नाहीत. कंपनीच्या मॅनेजरलाच द्यायचे. म्हणजे ज्याने द्यायचे नव्हते त्याने, जिने घ्यायचे नव्हते तिला दिले." मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनी नवे कागद काढून दिले आणि या वेळी नियमही सांगितले. दाव्यात ज्याचं नाव नाही अशा कोणाही सज्ञान माणसाने जायचं. मॅनेजरच्या हातात द्यायचे. तो घेत नसेल तर त्याच्याजवळ ठेवायचे आणि कागद कसले आहेत ते तोंडाने स्पष्ट सांगायचं. मग खिडकीत येऊन तसं लिहून सही करायची. पुढचा!

आता माणूस शोधायचा. बायको म्हणाली, "माझ्या भावाला पाठवू या. त्याचं तोंड चालतं." मेव्हण्याचं तोंड चालतं याबद्दल घरात कधीच मतभेद नव्हते. तो बाह्या सरसावून म्हणाला, "भावजी, काळजी सोडा. असा दम देतो की खुर्ची नुसती नेणार नाहीत, माफीही मागतील." गेला आणि संध्याकाळी शीळ घालत परत आला.

"दिलेस?"

"भावजी, आधी एक ऐकून घ्या. स्कीमच तशी होती."

तो स्वतःसाठी खुर्ची बुक करून आला होता! पाय दाबून देणारी. शिवाय खुर्ची पोचवायचा पत्ता लिहायला कागद हवा होता, म्हणून त्याने समन्सची मागची कोरी बाजू वापरली आणि ते पान विक्रेत्याला देऊन टाकलं. बायको भावाच्या वतीने एवढंच म्हणाली, "त्याचे पाय खरंच दुखतात हो."

पुन्हा खिडकी. पुन्हा बाई. "पान कुठे गेलं?" मी सांगितलं. त्यांनी एकही शब्द न बोलता नवी प्रत दिली. त्यांचं ते न बोलणं मला 'पुढचा'पेक्षाही जास्त लागलं.

मग कायदेकाका पुढे झाले. "अरे बाबा, हे काम अनुभवी माणसाचं. मला का नाही विचारलंस?" खरं तर मी त्यांना विचारत नव्हतो तेच या प्रकरणातलं माझं एकमेव शहाणपण होतं. पण शुक्रवार जवळ आलेला. काका कोट घालून, आतल्या खिशात कागदांचं पाकीट ठेवून निघाले. दोन तासांनी परत आले ते मान खाली घालून.

"मॅनेजर भेटला?"

"भेटला. फार सज्जन माणूस. मला बसवलं. पाठीची चौकशी केली. चहा मागवला."

"आणि कागद?"

काकांनी पाकीट कोटाच्या आतल्या खिशातून काढून टेबलावर ठेवलं. "अरे, त्याचा चहा प्यायलो मी! दोन बिस्किटंही खाल्ली. त्यानंतर त्याच्या हातात समन्स ठेवायचं? खाल्ल्या मिठाला जागायला नको?"

"चहात मीठ होतं का?" बायकोने विचारलं.

"कायद्यात बसत असेल," काका म्हणाले, "पण माणुसकीत बसत नाही."

आपल्यासारख्यांची गंमत बघा. भांडायला जातो आणि समोरचा 'बसा ना' म्हणाला की निम्मं भांडण खुर्चीखाली जातं. चहा आला की उरलेलं निम्मं. मला काकांचा संताप आला खरा, पण खरं सांगू? त्यांच्या जागी मी असतो तर तिसरं बिस्किटही खाल्लं असतं.

तेवढ्यात काकांनी आणखी एक बातमी दिली. निघताना कोर्टाचा शिक्का असलेला पाकिटाचा कोपरा बाहेर डोकावला आणि रिसेप्शनवरच्या मुलीने तो पाहिला. तिने लगेच आत जाऊन काहीतरी सांगितलं. आता पाकीट हातात असलेल्या कोणालाही मॅनेजर भेटणार नव्हता. "फक्त गिऱ्हाइकांसाठी बाहेर येतो," काका म्हणाले. "म्हाताऱ्यांना तर स्वतः खुर्चीत बसून दाखवतो. म्हटलं ना, सज्जन आहे."

उद्या शुक्रवार होता. मी डोकं धरून बसलो. फिल्टरचं पाणी पातेल्यात टपटपत होतं.

"मी जाते," आई म्हणाली.

ती टेबलाशी बसून सगळं ऐकत होती हे आम्ही विसरूनच गेलो होतो. मी म्हटलं, "तू? अगं, तुला उठायला हात लागतो!" बोललो आणि जीभ चावली. आईचा चेहरा पडला नाही. उलट ती जरा ताठ झाली. "हात लागतो. डोकं आहे ना जागेवर?"

कागद द्यायला आई चालते का, ते विचारायला मी खिडकीत फोन केला. बाई म्हणाल्या, "दाव्यात त्यांचं नाव आहे?" मी म्हटलं, "नाही, दावा माझ्या एकट्याच्या नावावर आहे. पण ती माझी आई आहे." "नाव नाही ना? मग झालं. कोर्टाच्या दृष्टीने त्या त्रयस्थ." हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुला नऊ महिने पोटात वागवलं आणि मी त्रयस्थ? बरंय. त्रयस्थ तर त्रयस्थ."

शुक्रवारी सकाळी आई, बायको आणि मी निघालो. आईने ठेवणीतली साडी नेसली आणि खांद्याला कापडी पिशवी अडकवली. पिशवीत तिच्या गुडघ्याच्या एक्स-रेचं मोठं पाकीट होतं आणि त्यात एक्स-रेला चिकटून समन्स. ही कल्पना आईचीच. माझं तोंड शोरूममध्ये ओळखीचं झालेलं, त्यामुळे मला आत यायला बंदी; आईबरोबर बायको गेली. समोरच्या फुटपाथला एक टेम्पो उभा होता, त्याच्या मागून मी काचेतून बघत होतो. घरातला कर्ता पुरुष टेम्पोआड, आणि म्हातारी आई आघाडीवर! येणारे जाणारे माझ्याकडे बघत होते. एकाने तर विचारलं, "टेम्पो तुमचा का? रिकामा आहे?"

आतलं मला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. ते नंतर बायकोने सांगितलं, सगळ्या हावभावांसकट.

रिसेप्शनवरच्या मुलीने पिशवीकडे बोट दाखवलं. "आजी, पाकिटात काय आहे?"

"गुडघे," आई म्हणाली आणि एक्स-रे अर्धा वर काढून दाखवला. मुलगी ओशाळली. तिने दोघींना सोफ्यावर बसवलं. सोफा खोल, मऊ, माणूस आत बुडेल असा. बायकोला प्रश्न पडला, आता आईंना यातून काढायचं कसं? मग मॅनेजर आला. गोरागोमटा, टायवाला, आवाजात साखर. "चहा घेणार ना आजी?"

"नको," आई म्हणाली. "आमच्या शेजाऱ्यांनी घेतलाय."

त्याला अर्थ कळला नाही, पण तो हसला. "बरं, मी बसून दाखवतो हं. बघा, एवढं सोपं." तो खुर्चीत बसला आणि बटण दाबलं. पाठ मागे, पाय वर. बूट आढ्याकडे. टाय गळ्याशी. "कसं वाटतं माहितीये आजी? ढगात! आणि आता दुसरं बटण."

दुसरं बटण. खर्रर्र. पुन्हा बटण. खर्र. मग खुर्ची गप्प झाली.

"आमचीही असंच म्हणाली," आई म्हणाली.

आणि ती उठली. बायकोने सवयीने हात पुढे केला होता, तो तसाच हवेत राहिला. त्या बुडणाऱ्या सोफ्यातून माझी आई एकटी उठली, कोणाकडेही न बघता, आणि सरळ खुर्चीपाशी गेली. टेम्पोच्या मागून मी ते पाहिलं. मला काही ऐकू येत नव्हतं, पण तेवढं दिसलं आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. लाज कसली त्यात? आलं.

तिने एक्स-रेच्या पाकिटातून कागद काढले आणि पाठ केलेलं सगळं स्पष्ट म्हणून टाकलं. "हे छोट्या दाव्यांच्या कोर्टाचं समन्स आहे. दावा तुमच्या कंपनीवर आहे. माझ्या मुलाने लावलाय. तो बाहेर टेम्पोमागे उभा आहे."

मॅनेजरने दोन्ही हात बगलेत दाबले. "मी घेणार नाही! मी घेतच नाही!"

"नका घेऊ. जवळ ठेवले तरी चालतात," आई म्हणाली आणि तिने कागद त्याच्या पोटावर ठेवले. एसीच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर त्याचाच रिमोट ठेवला. तो उठू शकत नव्हता, कागद झटकायला हात काढावा तर कागद घेतल्यासारखं होणार. दोन विक्रेते धावत आले आणि एकेका पायाला धरून ओढू लागले. आईला ते बघवेना.

"अरे, ओढू नका त्याला! तुम्ही असं करा, डाव्या कुशीवर वळा. आता आधी पाय खाली सोडा. घाईच नको. मलाही असंच काढलं होतं. हां, आता उठाल."

तो उठला. आई म्हणाली, "सांभाळून राहा हं," आणि बाहेर आली. येताना दारातली पायरी तिने बायकोच्या हाताशिवाय उतरली. मी टेम्पोमागून धावत सुटलो. बोलायचं पुष्कळ होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच, "चहा नाही ना घेतलास?"

तिथून तडक कोर्ट. खिडकीतल्या बाईंनी आईला खुर्ची द्यायला लावली. मला इतक्या फेऱ्यांत कधी स्टूलही मिळालं नव्हतं. बाई एकेक विचारून लिहून घेत होत्या.

"हातात घेतले?"

"नाही. जवळ ठेवले."

"कुठे?"

"पोटावर."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी चष्मा काढला, आईकडे पाहिलं आणि मग पहिल्यांदाच त्यांचे दात दिसले. लिहिताना त्यांचे खांदे हलत होते. आईने सही केली. बजावणी झाली! मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्या माणसाने विचारलं, "सुटलात वाटतं?" मी म्हटलं, "सुटलो हो, सुटलो."

संध्याकाळीच मॅनेजरचा फोन आला. यातलं काही कोर्टात सांगायची वेळ आणू नका, एवढंच त्याचं म्हणणं. विशेषतः पोटाचं. शनिवारी सकाळी कंपनीची माणसं येऊन खुर्ची घेऊन गेली आणि पैशांचा चेक ठेवून गेली. हॉल एवढा मोठा आहे हे मी विसरलोच होतो. बायको उगाचच दोनदा गॅलरीपर्यंत सरळ चालून आली. आणि मेव्हण्याची खुर्ची? ती तर उत्तम चाललीये. तो रोज फोन करून सांगतो.

दुपारी ताई आली, गाडीची किल्ली बोटावर फिरवत. "आई, बॅग तयार आहे ना?"

मी घाईघाईने मध्ये पडलो. "ताई, थांब. आता चेक आलाय. आई, तुला पाहिजे ती खुर्ची आणू. तूच निवड, मी माहितीपत्रक उघडणारसुद्धा नाही. पण तू जाऊ नकोस." शेवटचं वाक्य ठरवल्यापेक्षा रडवेलं निघालं.

आई टेबलाशी लाकडी खुर्चीवर बसली होती. दोन्ही हात टेबलावर टेकले, 'हं' म्हणाली आणि उठली. कोणीच हात दिला नव्हता. आम्ही तिघं नुसते बघत होतो. ती स्वयंपाकघरात गेली, गळत्या फिल्टरखालचं भरलेलं पातेलं पाहिलं आणि तिथूनच म्हणाली, "ताई, आलीस तशी जेवून जा. मला यायला जमणार नाही, सोमवारी काम आहे. सूनबाई, पलंगाखालच्या बॅगेतून माझी ठेवणीतली साडी काढून ठेव."

"काम? कसलं काम?" मी विचारलं.

"या फिल्टरवाल्यांचं ऑफिस कुठे आहे ते शोधून काढ. दावा तू लाव, कागद मी देते." मग तिने पातेलं ओतलं, पुन्हा फिल्टरखाली ठेवलं आणि दारातून माझ्याकडे पाहिलं. "आणि त्यांच्या दाराशी एखादा टेम्पो उभा असतो का, तेही बघून ये. तुला मागे उभं राहायला लागेल."